कॅमशाफ्टसाठी अ‍ॅडिटिव्ह: बाटली घेण्याआधी ऑइल वाचा

आधी इंजिन ओळखा. कॅमचा लोब (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) रोलरवर फिरत असेल, जसा आजच्या बऱ्याच गाड्यांत फिरतो, तर कॅम वाचवायला ऑइलात मिसळायच्या अ‍ॅडिटिव्हची वेगळी बाटली लागत नाही. प्रश्न आहे तो पद्मिनी, अँबेसेडर, जुनी जीप, कास्ट आयर्न बुलेट यांचा. यांच्यात लोब थेट सपाट टॅपेटवर, म्हणजे पुशरॉड उचलणाऱ्या दट्ट्यावर, घासतो आणि तिथला दाब प्रचंड असतो. ऑइलचा थर तुटला की धातूला वाचवतं ते झेडडीडीपी, म्हणजे झिंक आणि फॉस्फरसचं संयुग. मेकॅनिक त्याला नुसतं 'झिंक' म्हणतात.

नव्या ऑइलांत ते कमी का? फॉस्फरसनं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. म्हणून एपीआय (ऑइलचा अमेरिकन दर्जा) एसएनच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरस ६०० ते ८०० पीपीएमच (दहा लाख भागांत इतके भाग) ठेवतात. सपाट टॅपेटला १००० ते १४०० बरं पडतं.

त्यामुळे पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्ट घ्यायला गेलात की अ‍ॅडिटिव्ह मागण्याआधी ऑइलची डेटा शीट मागा, नाहीतर कंपनीच्या साइटवर बघा. १५डब्ल्यू-४० सीआय-४ प्लस डिझेल ऑइलात फॉस्फरस बहुधा १२०० च्या आसपास असतो. पुण्याच्या हवेला हा ग्रेड चालतो आणि पेट्रोल इंजिनासाठीचा एपीआय दर्जाही डब्यावर छापलेला असेल तर जुन्या पद्मिनीत बिनधास्त घाला. वर बाटली नको.

तरीही घालायचंच असेल तर हिशेब करून घाला. ४ लिटर ऑइल म्हणजे साधारण ३.५ किलो. ८०० वरून १२०० पीपीएमला न्यायचं तर १.४ ग्रॅम फॉस्फरस हवा. अ‍ॅडिटिव्हमध्ये फॉस्फरस १ टक्का असेल तर १४० ग्रॅम पुरे. ज्या बाटलीवर किंवा तिच्या डेटा शीटवर टक्केवारीच नाही, ती परत ठेवा. 'थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं?' बिघडतं. २००० पीपीएमच्या वर गेलं की जादा झेडडीडीपी धातूलाच खायला लागतं. टेफ्लॉनवाल्या बाटल्या तर घेऊच नका, त्याचे कण फिल्टरमध्ये अडकतात.

बाइकवाल्यांनी जास्त जपावं. क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असेल तर फ्रिक्शन मॉडिफायर (घर्षण कमी करणारं रसायन) असलेलं काहीही घातलं की क्लच घसरतो. सिंहगडाच्या चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवरच. डब्यावर जासो (बाइक ऑइलचा जपानी दर्जा) एमए किंवा एमए२ बघा, त्यात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के, म्हणजे ८०० ते १२०० पीपीएम, असतोच. कास्ट आयर्न बुलेटचा क्लच वेगळ्या केसमध्ये असतो, म्हणून ती यातून सुटते.

झिजलेला लोब कोणत्याही बाटलीनं भरून येत नाही. टॅपेट सेट करूनही काही दिवसांत गॅप पुन्हा वाढत असेल तर टॅपेट कव्हर उघडा, पुशरॉडवर खडूनं खूण करा आणि इंजिन आयडलला ठेवून बघा. चांगला टॅपेट हळूहळू स्वतःभोवती फिरतो आणि बहुतेक वेळा पुशरॉडलाही फिरवतो. एखादीच खूण जागची हलत नसेल तर आधी तो टॅपेट काढून तपासा. मग डायल गेजनं सगळ्या लोबची लिफ्ट, म्हणजे लोब टॅपेटला किती उचलतो ते, मोजा. एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी भरला तर कॅम आणि टॅपेट दोन्ही नवे घ्या. जुने टॅपेट नव्या कॅमवर बसवलेत तर तोही जातो.

नवा कॅम बसवताना लोबला मॉलीची (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची) असेंब्ली पेस्ट लावा. इंजिन सुरू झालं की लगेच २००० ते २५०० आरपीएमवर २० मिनिटं चालवा. आयडलला सोडू नका, कारण कॅमवर ऑइल मुख्यतः क्रँकच्या शिंतोड्यांनी पोचतं आणि आयडलला ते कमी उडतं. नंतर ते ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.