डोंगरवेड्या बाबांच्या आठवणीत झाड लावताना

आयुष्यभर सह्याद्रीत भटकलेल्या, मुलांना पाठुंगळी घेऊन गड दाखवणाऱ्या माणसाच्या नावानं झाड लावणं ही फार सुंदर गोष्ट आहे. पण ते जगलं पाहिजे, आणि बहुतेक रोपं पहिल्याच उन्हाळ्यात जातात. म्हणून आधी जागा ठरवा, भावनेचा विचार नंतर.

त्यांच्या लाडक्या गडावर झाड लावू नका. संरक्षित किल्ल्यावर किंवा वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय खड्डा खणता येत नाही. तटाजवळ वड-पिंपळ लावला तर त्याची मुळं चिऱ्यांच्या सांध्यांत शिरून भिंत फोडतात. शिवाय एप्रिलात तिथे पाणी कोण नेणार? गावचं शेत, शाळेचं किंवा सोसायटीचं आवार, जिथे घरातलं कुणीतरी आठवड्याला पोचेल, तीच जागा योग्य.

झाड तिथल्या मातीतलंच घ्या. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभूळ, कोकम किंवा ताम्हण. देशावरच्या कोरड्या जमिनीत कडुनिंब, करंज, बहावा. गुलमोहर दिसायला देखणा, पण मूळचा मादागास्करचा आणि वादळात सहज मोडणारा.

वर्षश्राद्ध मार्चमध्ये आलं म्हणून त्याच दिवशी रोप लावण्याचा हट्ट धरू नका. खड्डा मे महिन्यात खणा, दोन फूट लांब, रुंद आणि खोल, म्हणजे माती चांगली तापते. वरची माती वेगळी काढून ठेवा. जूनअखेर दोन-तीन दमदार पाऊस झाले की दोन भाग ती माती आणि एक भाग कुजलेलं शेणखत मिसळून भरा. खत कच्चं असेल तर त्याच्या उष्णतेनं मुळं करपतात आणि वाळवी येते. तिथीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून पाणी घालावं. उन्हाळ्यातल्या रोपाला त्याचीच गरज असते.

अनेक घरांत रक्षा खड्ड्यात घालतात. इथेच सर्वात मोठी चूक होते. रक्षा तीव्र अल्कधर्मी असते, तिच्यात क्षारही भरपूर. सगळी एकदम मुळाशी पडली तर रोप जळतं. फक्त मूठभर घ्या, बऱ्याच मातीत मिसळा आणि खड्ड्याच्या कडेला, मुळांपासून दूर पसरा.

रोप चार-पाच फुटांचं असावं. पिशवी उभी कापून पूर्ण काढा. मुळं तळाशी गोल वळली असतील तर ती वेटोळी कापा, नाहीतर पुढे झाड स्वतःच्याच मुळांनी आवळलं जातं. पिशवीत माती जिथवर होती तिथवरच गाडा; खोड जास्त पुरलं तर कुजतं. बांबू वाऱ्याच्या बाजूला रोवा आणि सुतळी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधा. गुरं येत असतील तर काटेरी कुंपण हवंच.

पाऊस थांबला की आळं करून आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी, मार्चपासून आठवड्यातून दोनदा. आळ्यात तीन-चार इंच पालापाचोळा पसरा, खोडाला चिकटू न देता. हे निदान तीन उन्हाळे. नातवंडांच्या पाळ्या लावा. पाणी घालता घालता आजोबांच्या गोष्टी सांगायला यासारखी वेळ नाही.

नावाची पाटी खोडाला खिळ्यानं ठोकू नका, शेजारी दगडावर कोरून ठेवा. आणि त्याच जातीचं दुसरं रोप घरी मोठ्या पिशवीत वाढवत ठेवा. पहिलं गेलंच, तर पुढच्या आषाढात त्याच खड्ड्यात हे लावता येईल.