सर्दी झाली असेल तर न्गांबाला जाऊ नका

बोट ठरली आहे, पैसे भरले आहेत आणि सकाळी उठल्यावर घसा खवखवतोय. अशा वेळी फोन करून तारीख पुढे ढकलावी. युगांडातलं न्गांबा बेट म्हणजे वाचवलेल्या चिंपांझींचं अभयारण्य; त्याबद्दल नवख्या माणसाला बाकी काही सांगितलं नाही तरी चालेल, पण एवढं सांगायलाच हवं. २०१३ मध्ये युगांडातल्याच किबालेच्या जंगलात कान्यावारा नावाच्या चिंपांझींच्या गटात खोकल्याची साथ आली. गटात ५६ जण होते, त्यांतले पाच मेले. तपासात सापडला ऱ्हायनोव्हायरस सी, म्हणजे आपल्याकडे बालवाडीतली मुलं एकमेकांना देत असतात त्या सर्दीच्या विषाणूंपैकी एक. आपल्याला दोन दिवस नाक गळण्यापलीकडे काही होत नाही, त्यांना न्यूमोनिया होतो. ओठांवर उठणारी नागीणही त्यांच्यापर्यंत पोहोचू शकते. बेटावरचे निम्मे नियम यातूनच आले आहेत, त्यामुळे मास्क लावायला सांगितलं की तोंड वाकडं करू नये.

न्गांबा हे व्हिक्टोरिया सरोवरातलं सुमारे शंभर एकरांचं बेट. विमानतळ असलेल्या एंटेबी शहरापासून साधारण २३ किलोमीटर आग्नेयेला, विषुववृत्ताच्या जरासं दक्षिणेला. ऑक्टोबर १९९८ मध्ये इथे पहिले चिंपांझी आणले गेले आणि आज पन्नासच्या आसपास आहेत. जवळजवळ सगळं बेट जंगलाखाली आहे. माणसांच्या वाट्याला एका टोकाचा छोटा तुकडा, आणि मधे विजेचं कुंपण. इथले बहुतेक प्राणी पिल्लू असताना जप्त केलेले आहेत: कुणी बाजारात विकायला आणलेलं, कुणी घरात साखळीला बांधलेलं, कुणी सीमेवर पेटीत सापडलेलं. चिंपांझीचं पिल्लू जिवंत पकडायचं तर आधी आईला मारावं लागतं, आणि तिच्या बचावाला येतील त्यांनाही. म्हणजे समोर दिसणाऱ्या प्रत्येक प्राण्यामागे न दिसणारे काही मेलेले आहेत.

बेटच का निवडलं? चिंपांझी पोहत नाहीत, खोल पाण्यात बुडतात. शंभर एकरांना भिंत घालण्यापेक्षा सरोवर स्वस्त आणि भरवशाचं. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं: या बेटावर आधीपासून रानटी चिंपांझी नव्हते. रानातले नर परक्या नराला सहसा जिवंत सोडत नाहीत, त्यामुळे वाचवलेल्यांना भरल्या जंगलात सोडणं म्हणजे त्यांना मारायला पाठवणं. ‘मग जंगलात का सोडत नाही?’ हा प्रश्न प्रत्येक बोटीतून येतो, त्याचं हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं असं की माणसाची भीती गेलेला मोठा नर शेताच्या कडेला आला, तर गावाचं आणि त्याचं, दोघांचंही वाईट होतं. काँगो प्रजासत्ताकात १९९६ पासून काही जणांना रानात सोडण्याचा मोठा प्रयोग झाला, पण त्यासाठी विरळ वस्तीचं जंगल आणि वर्षानुवर्षं मागावर राहणारी माणसं लागली.

बेटाची एक अडचण मात्र कायमची आहे. रानात चिंपांझींचा एक गट कित्येक चौरस किलोमीटर फिरून पोट भरतो. शंभर एकरांत पन्नास जणांचं भागणं शक्यच नाही. म्हणून फळं-भाज्या किनाऱ्यावरून बोटीने येतात, रोज. इंधन महागलं किंवा सरोवर खवळलं की पहिला फटका स्वयंपाकघराला बसतो. आणि म्हणूनच इथे प्रजनन होऊ देत नाहीत. माद्यांना गर्भनिरोधक दिलं जातं. तरी एखादा जन्म होऊन गेला आहे, औषध शंभर टक्के नसतं. नव्या जन्माला जागा दिली की जप्त होऊन येणाऱ्या पुढच्या पिल्लाची जागा जाते, इतका साधा हिशेब आहे.

आता मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांची तयारी. युगांडाचा व्हिसा ऑनलाइन मिळतो. साधा एकदा प्रवेशाचा व्हिसा ५० डॉलर, आणि केनिया-रवांडाही करायचं असेल तर तिन्ही देशांचा मिळून ९० दिवसांचा १०० डॉलर. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई-एंटेबी थेट विमान सुरू झालं. तिकीट काढायच्या आधी ते चालू आहे का आणि कोणत्या वारी आहे ते पाहून घ्यावं. खरी अडचण पिवळ्या तापाच्या लशीची होते. ती गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते. मुंबईत बंदराच्या आणि विमानतळाच्या आरोग्य कार्यालयांत ती मिळते. वार ठरलेले असतात, नोंदणी आधी करावी लागते, आणि प्रमाणपत्र दहाव्या दिवसानंतरच ग्राह्य धरतात. ते एकदा मिळालं की आयुष्यभर चालतं. अनेकांचा समज असा की हे कार्ड फक्त जाताना लागतं. उलट, परत येताना भारतातच ते जास्त कडक पाहतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अलगीकरणात ठेवतात. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, वय साठच्या पुढे असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्यावं.

डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या न्याव्यात. जुन्या छपाईची, दुमडलेली, शाईचा ठिपका पडलेली नोट तिथे नाकारतात किंवा कमी भाव देतात. शंभराच्या नोटेला सुट्यांपेक्षा चांगला दर मिळतो. प्लगच्या तीन चौकोनी पिना, ब्रिटिश पद्धतीच्या. खाण्याची चिंता नको. एंटेबीत चपाती ‘चपाती’ याच नावाने मिळते, आणि अंड्याचं ऑम्लेट चपातीत गुंडाळून देतात त्याला ‘रोलेक्स’ म्हणतात. नाश्त्याला रोलेक्स खाल्लं असं घरी कळवलं तर गैरसमज होतील तेवढेच.

बेटावर चिंपांझींना पाहुण्यांसमोर दोनदा खाऊ घालतात, सकाळी अकराला आणि दुपारी अडीचला. बोट या वेळा धरूनच सुटते. स्पीडबोटीला पाऊण-एक तास लागतो, इंजिन बसवलेल्या लाकडी होडीला दीड तास. नवख्या माणसाने सकाळची फेरी घ्यावी. दुपारी वारा वाढतो, लाटा उठतात, आणि व्हिक्टोरिया हे तळं नाही, क्षितिजापर्यंत पसरलेला गोड्या पाण्याचा समुद्र आहे. मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे पावसाचे महिने. त्या काळात फेरी रद्द होऊ शकते असं गृहीत धरून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेट ठेवू नये. बोटीचा खर्च डोक्यावर नाही, फेरीवर असतो. त्यामुळे दोघांनी जाणं महाग पडतं, सहा-आठ जण मिळाले तर आवाक्यात येतं. नोंदणी करताना प्रवेशाची रक्कम आणि बोटीची रक्कम वेगवेगळी विचारून घ्या.

मळमळ होणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यावी, बोटीत बसल्यावर नव्हे. मागच्या बाजूला बसलं की आदळणं कमी, भिजणं जास्त. फोन तोंड घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. लाइफ जॅकेटचे पट्टे सगळे लावा, एक लावून बसू नका. सरोवरात पाय सोडून बसायचा मोह होतो, तो आवरावा: गोगलगायींतून पसरणारे बिल्हार्झियाचे जंत पाण्यातून थेट कातडीत शिरतात.

उतरल्यावर आधी माहिती, मग मचाण. बूट बंद असावेत, टोपी घट्ट बसणारी. कुंपणाजवळ खाणं काढायचं नाही, अगदी च्युइंगगमही नाही. खाऊ मचाणावरून पसरवून फेकतात: पपई, टरबूज, गाजरं, कोबी, फणस. एकाच जागी टोपली का ठेवत नाहीत? ठेवली तर वरचे दोन-तीन नर ती बळकावतील आणि खालच्या दर्जाचे उपाशी राहतील. म्हणून माणसागणिक म्हणता येईल असं लांब-जवळ, डावीकडे-उजवीकडे टाकलं जातं. फेकणाऱ्याचे हात बघा, तो कुणाकडे काय जातंय हे नावानिशी पाहत असतो. एखादं फळ कुंपणापाशी पडलं तर काठी शोधून ते ओढून घेणारेही असतात.

इथे नवखे चुकतात ते चेहरा वाचताना. दात विचकलेला चिंपांझी हसत नसतो, तो घाबरलेला असतो. खेळताना त्यांचं तोंड सैल उघडं असतं आणि वरचे दात झाकलेले असतात. अंगावरचे केस ताठ झाले, खांदे डुलायला लागले की नर आता फांदी ओढत धावणार, दगडही येऊ शकतो. गाइड मागे व्हा म्हणाला की आधी मागे व्हायचं, व्हिडिओ नंतर. मादीच्या मागच्या बाजूची गुलाबी सूज पाहून ‘हिला गाठ झालीय का’ असं हमखास विचारलं जातं. ती पाळीच्या चक्रातली नेहमीची सूज आहे. वाकून, धापा टाकल्यासारखे हुंकार देत कुणी कुणाजवळ गेलं, तर त्याने समोरच्याला मान दिला. एवढ्या चार खुणा डोक्यात असल्या की समोरचा गोंधळ गोंधळ राहत नाही.

फोटोसाठी २०० ते ३०० मिलिमीटरची लेन्स पुरते. काळं अंग आणि मागे उजळ पानं, यात कॅमेरा फसतो आणि चेहरा काळा डाग होतो. प्रकाशाचं मोजमाप चेहऱ्यावर ठेवा, शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली आणू नका. फोटोत कुंपणाच्या तारा दिसेनाशा करायच्या असतील तर लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडून तारेच्या जितकं जवळ परवानगी असेल तिथून लांबच्या प्राण्यावर फोकस करा. चिंपांझीशेजारी स्वतः उभं राहिल्यासारखा फोटो मात्र जुळवू नका. माणसाजवळ दाखवलेला चिंपांझी पाहिला की लोकांना तो पाळण्याजोगा आणि धोक्याबाहेरचा वाटतो, हे अभ्यासांत दिसून आलेलं आहे. जुन्या प्रवासवर्णनांत इथे पिल्लांना अंगाखांद्यावर घेऊन जंगलात फिरल्याच्या कथा सापडतील. ती अपेक्षा घरी ठेवा. आफ्रिकेत कुठेही पैसे घेऊन पिल्लू मांडीवर देणारी जागा दिसली तर ती अभयारण्य नव्हे, असं खुशाल समजावं. गांबिया नदीतल्या बेटांवर तर १९७९ पासून वाचवलेल्या चिंपांझींचा न्गांबासारखाच प्रकल्प चालतो आणि तिथे पाहुण्याला किनाऱ्यावर पायही ठेवू देत नाहीत, बोटीतूनच पाहायचं.

मुक्काम शक्य असेल तर करावा. संध्याकाळी दिवसाचे पाहुणे गेल्यावर बहुतेक चिंपांझी आपणहून निवाऱ्यात परततात. तिथे पेज मिळते, निजायला झुले असतात. रोज घरात येण्याची ही सवय मुद्दाम लावलेली आहे: मोजणी होते, जखम दिसते, औषध पेजेतून जातं. काही जण जंगलातच घरटं करून राहतात, त्यांना ओढून आणत नाहीत. वीज सौर, पाणी पावसाचं साठवलेलं, संडास कंपोस्टचे. तेव्हा केस वाळवायचं यंत्र वगैरे आणू नका.

आता पशुवैद्यक, प्राणिशास्त्र किंवा वन्यजीव शिकणाऱ्यांसाठी, ज्यांना काही आठवडे कामासाठी जायचं आहे. तयारी सहा महिने आधी सुरू करा, कारण हिपॅटायटिस बीचे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. गोवर, धनुर्वात, पोलिओ, हिपॅटायटिस ए यांच्या नोंदी लागतात. लहानपणचं कार्ड हरवलं असेल तर गोवराची अँटिबॉडी तपासून अहवाल जोडता येतो. क्षयाची चाचणी ही आपल्याकडच्या मुलांची खास अडचण. आपल्याला जन्मतः बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावर सुई टोचून करायची चाचणी कधीकधी आजार नसताना सकारात्मक येते. तिथे वाद घालण्यापेक्षा इथूनच रक्तावरची इग्रा चाचणी आणि छातीचा एक्स-रे करून न्यावा.

काम काय असेल? बहुतेक वेळ चिरणं, धुणं, वजन करणं, पिंजरे घासणं. जुन्नरजवळच्या माणिकडोहला बिबट्यांच्या केंद्रात ज्यांनी हात घातलाय त्यांना हे नवं वाटणार नाही. प्राण्याला हात लावायला मिळेल हे डोक्यातून काढा. जाळीत बोट घालणं ही सर्वांत महागडी चूक, चिंपांझी बोट चावून तोडतो. ओढणी, गळ्यातलं ओळखपत्र, लोंबणारं कानातलं, चष्म्याची दोरी हे सगळं जाळीतून ओढलं जातं. हात लांब असतात, तुमच्या अंदाजापेक्षा वीतभर तरी जास्त. दार लावलं की कुलूप ओढून पाहायचं, मग दुसऱ्याने ओढून पाहायचं. ‘मी लावलंय’ हे वाक्य इथे पुरावा धरत नाहीत.

चिंपांझींचं मन रमवायच्या वस्तू बनवायचं काम विद्यार्थ्यांकडे येतं: छिद्रं पाडून मध भरलेला ओंडका, गोठवलेली फळं, पानांत गुंडाळलेले दाणे. यात फसतं ते संख्येमुळे. आठ जणांसाठी पाच ओंडके ठेवले की भांडण ठरलेलं. दहा-बारा ठेवावेत, तेही दूर दूर. दोरीचा फास होईल असं काही लटकवू नये.

निरीक्षणाची वही घेऊन बसाल तेव्हा सगळं लिहायला जाऊ नका, दंगा करणाराच फक्त नोंदला जातो आणि शांत बसलेली मादी वहीत येतच नाही. एक प्राणी निवडा, दहा मिनिटं फक्त त्याचंच लिहा. किंवा दर पाच मिनिटांनी मान वर करून, त्या क्षणी कोण काय करतोय तेवढंच नोंदा. दोन्ही पद्धती एकाच तक्त्यात मिसळू नका, नंतर आकडे जुळत नाहीत.

अर्जाच्या पहिल्याच पत्रात प्राण्यांवरचं प्रेम एका ओळीत आटपा. लसींच्या तारखा, क्षयाच्या चाचणीचा दिनांक, किती आठवडे राहणार, सुतारकाम किंवा वायरिंग येतं का, आणि प्रयोगशाळेत शेण तपासून जंतांची अंडी ओळखता येतात का, हे लिहा. शेवटची गोष्ट येत असेल तर ती सगळ्यात वर लिहा.