नाशकात घरी इलेक्ट्रिक माउंटनबोर्ड बनवायचाय? आधी ब्रेकचं बघा

माउंटनबोर्ड म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण मी घरी सांगितलं तेव्हा आईला वाटलं मी स्केटिंगचे बूट घेतोय. लांब फळी, खाली दोन ट्रक (म्हणजे चाकं बसवायचे, फळी कलली की वळणारे अ‍ॅक्सल), हवेचे चार ८ इंची टायर आणि पाय अडकवायला पट्टे. १९९० च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोच्या पोरांनी बर्फ नसतानाच्या दिवसांत उतारावरून जायला हे प्रकरण काढलं. मूळ बोर्डला मोटर नसते, उतार संपला की काखेत मारून वर चढायचं. आपण मोटर लावणार म्हणजे चढायचा त्रास वाचला, पण थांबायचा सुरू झाला. हाताने दाबायचा ब्रेक वगैरे यात नाही, मोटरच उलटी जनरेटरसारखी चालून बोर्ड थांबवते आणि ती वीज परत बॅटरीत ढकलते. म्हणजे बेल्ट, वायरिंग, बॅटरी यातलं काहीही गेलं की ब्रेक गेला. सगळे जण टॉप स्पीड विचारतात, हे कोणीच विचारत नाही, म्हणून मी सगळं ब्रेकच्या हिशोबाने सांगतोय.

खर्चाचं आधीच सांगून ठेवतो, बऱ्या कंडिशनची सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा येईल एवढे जातात. ट्रक, मोटर, कंट्रोलर (बॅटरीतली वीज मोटरला मोजून देणारं सर्किट) आणि रिमोट बाहेरून मागवावे लागतात, त्यात कस्टमचा फटका धरून चाला. बाकी बरंचसं अंबड-सातपूर एमआयडीसीत होतं, हा आपल्याकडे राहण्याचा फायदा.

फळीसाठी मी आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय घेतला, ६ एमएमचे दोन थर इपॉक्सीने चिकटवले आणि खालून वरून ग्लास फायबरचं कापड. लांबी साधारण ९५ सेंटीमीटर. विकतच्या फळीची टोकं वर वळलेली असतात, ट्रक बसायला ३५ डिग्रीचा कोन लागतो म्हणून, पण घरी प्लाय तेवढा वाकत नाही, मी दोनदा तडा पाडून बघितलाय. त्यापेक्षा फळी सपाट ठेवा आणि ५ एमएम जाड लोखंडी (एमएस) पट्टीचे ब्रॅकेट फॅब्रिकेशनवाल्याकडून ३५ डिग्रीत वाकवून घ्या, वजन थोडं वाढेल, वाढू दे. बेअरिंगचं टेन्शन नाही, १२ एमएम अ‍ॅक्सल असेल तर ६००१ नंबरचं बेअरिंग लागतं आणि ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलंच मागा, आपल्याकडची धूळ उघडं बेअरिंग महिनाभरात खाते.

मोटर ६३७४ साईजच्या दोन घ्या, म्हणजे ६३ एमएम जाडी आणि ७४ एमएम लांबी, आणि हॉल सेन्सर (मोटर फिरून कुठे आलीय ते कंट्रोलरला सांगणारे) असलेल्याच, नाहीतर जागेवरून सुटताना अडखळतात. एकाच मोटरवर भागवू नका, एक बेल्ट तुटला तरी दुसऱ्या चाकाचा ब्रेक हातात राहिला पाहिजे. केव्ही रेटिंग म्हणजे दर व्होल्टमागे मोटर मिनिटाला किती फेरे मारते ते, त्याचा हिशोब सोपा आहे. १० सेल सिरीजमध्ये म्हणजे फुल चार्जला ४२ व्होल्ट, गुणिले १४० केव्ही म्हणजे ५८८० आरपीएम, मोटरची पुली १५ दात आणि चाकाची ६६ म्हणजे ४.४ ने भागा, चाकाचे झाले साधारण १३३६ फेरे, ८ इंची टायरचा घेर ६४ सेंटीमीटर, तर कागदावर ताशी ५१ किलोमीटर येतात आणि माणूस उभा राहिल्यावर मुरमाच्या रस्त्यावर ४० च्या आसपास. हेच १९० केव्ही घेतलं तर कागदावर ७० च्या जवळ जातं, ज्याची पहिल्या बोर्डला काहीच गरज नाही, शिवाय केव्ही कमी असलं की तेवढ्याच करंटमध्ये जोर जास्त मिळतो, चढायलाही आणि थांबायलाही.

मोटर माउंट ६ ते ८ एमएम अ‍ॅल्युमिनियमचं कापून घ्या, ड्रॉइंग करायच्या आधी हातातल्या मोटरची भोकं व्हर्नियरने मोजा, इंटरनेटवरच्या मापावर जाऊ नका. बेल्ट ताणायला स्लॉट ठेवाच. बेल्ट एचटीडी ५एम (दातांमधलं अंतर ५ एमएम), १५ एमएम रुंद. छोट्या पुलीचे किमान सहा दात बेल्टमध्ये अडकलेले पाहिजेत, बसत नसेल तर आयडलर (बेल्ट दाबून धरणारं जादा चाक) टाका, कारण जोरात ब्रेक मारला की बेल्ट दात सोडून कटकटकट उडी मारतो आणि तुम्ही सरळ द्राक्षाच्या तारांकडे. मोठी पुली मी आधी पीएलएमध्ये, म्हणजे ३डी प्रिंटरच्या साध्या प्लास्टिकमध्ये, प्रिंट केली, मस्त दिसत होती. मे महिन्यात दुपारभर गाडीच्या डिकीत राहिली आणि अंड्यासारखी झाली. पीएलए साधारण ६० डिग्रीलाच मऊ पडतं हे मला माहीत होतं, तरी केलं. लेथवर अ‍ॅल्युमिनियमची करून घ्या नाहीतर नायलॉनची.

आता बॅटरी, आणि इथे घाई करणाऱ्याने तयार पॅक विकत घ्यावा, यात कमीपणा काही नाही. स्वतः करणार असाल तर २१७०० साईजचे लिथियम-आयन सेल, १० सिरीज ४ पॅरलल, म्हणजे ४० सेल. ४.२ एएच चे घेतले तर जवळपास ६०० वॉट अवर होतात, कच्च्या रस्त्यावर माझा बोर्ड किलोमीटरला ३० च्या आसपास खातो, म्हणजे २० किलोमीटर. डुप्लिकेट सेल फार येतात. आल्या आल्या वजन करा, चांगला २१७०० सेल ७० ग्रॅमच्या आसपास भरतो, ५० भरला तर परत पाठवा. पॅरलल जोडण्याआधी सगळ्यांचं व्होल्टेज सारखं पाहिजे, प्रत्येक प्लसच्या तोंडावर फिश पेपरची (वीज न जाऊ देणाऱ्या जाड कागदाची) रिंग, हातातली अंगठी-कडं काढून ठेवा, आणि स्पॉट वेल्डिंग करताना शेजारी वाळूची बादली. पॅरलल जोडलेले गट एकमेकांना जोडताना नुसती निकेल पट्टी टाकू नका, खड्ड्यांनी ती तुटते, तिथे सिलिकॉन वायर. घरातल्या वायरिंगची वायर अजिबात नको, हादऱ्यांनी कडक होऊन तुटते. पॅक फळीच्या वर, कडक बॉक्समध्ये, खाली फोम टाकून बसवा. खाली लावला तर पहिल्याच दगडावर आपटेल.

बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली की कनेक्शन तोडणारं सर्किट, नीट समजून घ्या. समजा फुल चार्ज करून निघालात आणि लगेच उतार लागला. ब्रेक मारला की वीज परत बॅटरीकडे येते, बॅटरीत जागा नाही, बीएमएस म्हणतो झालं आणि कनेक्शन तोडतो. त्या क्षणी ब्रेक गायब, कंट्रोलरही जळू शकतो. म्हणून बीएमएस फक्त चार्जिंगच्या वाटेवर जोडतात आणि मोटरकडे जाणारी लाईन मधे फ्यूज टाकून थेट. मग बॅटरी जास्त उतरणार नाही हे कंट्रोलरने बघायचं, १० सेलच्या सिरीजला ३४ व्होल्टला करंट कमी करायला सुरुवात आणि ३१ ला बंद. निघाल्यावर लगेच उतार असेल तर चार्जिंग ४१ व्होल्टलाच थांबवा.

कंट्रोलर व्हेस्क घ्या, बेंजामिन वेडर नावाच्या स्वीडिश इंजिनियरने डिझाईन आणि सॉफ्टवेअर ओपन सोर्स केलंय, त्यामुळे सगळं सेटिंग आपल्या हातात. मोबाईलच्या अ‍ॅपवरून मोटर डिटेक्शन (व्हेस्क मोटर स्वतः तपासून ओळखतो ती चाचणी) चालवा, तेव्हा चाकं हवेत पाहिजेत. माझे आकडे: प्रत्येक मोटरला मोटर करंट ६०, बॅटरी करंट ३०, ब्रेक मारताना बॅटरीत परत जाणारा करंट प्रत्येकी ८. दोन मिळून १६, म्हणजे एका सेलला ४ अ‍ॅम्पियर, त्याने सेल कुरकुरत नाहीत. तुमच्या सेलच्या डेटाशीटमध्ये चार्जिंगचा आकडा बघून हा शेवटचा ठरवा. मग चाकं हवेत फिरत असताना रिमोट बंद करा. चाकांवरचा मोटरचा जोर सुटला पाहिजे. नाही सुटला तर बोर्डवर पाय ठेवू नका.

मेटलला मेटल लागतं तिथे निळं लॉकटाईट (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद), बाकी नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेले) नट. पहिल्या पाच किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळा, ढिले झालेले असतातच. टायरमध्ये हवा २० पीएसआयच्या आसपास, जास्त भरली की दात वाजतात.

चालवायचं कुठे? रस्त्यावर नाही. २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाड्यांना रजिस्ट्रेशनची सूट आहे, आपला बोर्ड त्यात कुठेच बसत नाही. पांडवलेणी, चामरलेणीच्या पायथ्याला पण नको, सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना उगाच धडकी. गिरणारे साईडला मित्राचं शेत आहे, विचारून तिथल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर चालवतो. पावसाळ्यात काळी माती बेल्ट आणि पुलीत जाऊन बसते, तेव्हा सरळ बंद ठेवा. संक्रांतीच्या आसपास मांजा अ‍ॅक्सलला गुंडाळतो आणि गळ्याला लागतो तो वेगळाच. फुल फेस हेल्मेट, मनगटाचे आणि गुडघ्याचे गार्ड, पिशवीत एक जादा बेल्ट आणि अ‍ॅलन की.

आणि चार्जिंग रात्री झोपताना लावून ठेवायचं नाही. बिल्डिंगच्या जिन्याखाली, गाड्यांच्या शेजारी तर नाहीच. मी बाल्कनीत फरशीवर ठेवतो, समोर खुर्ची टाकून बसतो, आईला वाटतं मी अभ्यास करतोय.