सीमेवरील तणाव आणि घरचे राजकारण: बातमी कशी वाचावी

शेजारी देशाशी तणाव वाढला की नागपूरच्या बर्डीवरच्या चहाच्या टपरीपासून विधानभवनापर्यंत तोच विषय निघतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या राजकारणात काय बदलले याकडे दुर्लक्ष होते. ते टाळायचे असेल तर कागदावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे सीमेवरील घटनांच्या तारखा आणि उजवीकडे राजीनामे, कायदे व निवडणुका यांच्या तारखा लिहाव्यात.

सरावासाठी १९६२ हे साल घ्यावे. डावीकडे २० ऑक्टोबरचा चीनचा हल्ला येईल. उजवीकडे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांचा राजीनामा आणि त्यांच्या जागी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना आलेले दिल्लीचे बोलावणे येईल. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपण अभिमानाने सांगतो, पण विदर्भातील वाचकाने त्याखाली आणखी एक ओळ लिहावी: रिकाम्या झालेल्या मुख्यमंत्रिपदावर चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार आले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेहरूंच्या सरकारवर लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव आला. तो फेटाळला गेला, तरी पराभवाचा जाब संसदेत विचारला गेला, हे मला फार मोलाचे वाटते.

यानंतर, संकट ओसरल्यावरही कोणते अधिकार सरकारकडे राहिले, हे तपासावे. ही पायरी कधीही गाळू नये. चीनशी लढाई महिनाभरात थांबली, पण २६ ऑक्टोबर १९६२ ला लागू झालेली आणीबाणी जानेवारी १९६८ पर्यंत उठली नाही. ३ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानशी युद्ध सुरू होताच जाहीर झालेली आणीबाणी तर मार्च १९७७ पर्यंत होती. जून १९७५ ची आणीबाणी तिच्या जोडीला आली.

मतदार मात्र गृहीत धरू नये. कारगिलनंतर १९९९ मध्ये वाजपेयी पुन्हा पंतप्रधान झाले, पण त्याच वेळी झालेल्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातील शिवसेना-भाजप युतीची सत्ता गेली, आणि नागपूरने लोकसभेवर काँग्रेसचे विलास मुत्तेमवार पाठवले.

आता २०१९ चा कागद स्वतः भरून पाहावा. डावीकडे १४ फेब्रुवारीचा पुलवामा हल्ला आणि २६ फेब्रुवारीची बालाकोटची कारवाई लिहावी, उजवीकडे ११ एप्रिलचे नागपूरचे मतदान. मधल्या सहा आठवड्यांतील स्थानिक वृत्तपत्रे वाचनालयात बसून चाळावीत आणि कापसाचा भाव व पिण्याचे पाणी हे विषय पहिल्या पानावर किती वेळा आले, ते उजवीकडेच तारखेनिशी नोंदवावे.