घरात बदकाची पिल्लं कशी वाढवायची? आधी त्यांना कोरडं ठेवायला शिका

आमच्या भंडारा-गोंदियाकडे प्रत्येक गावाला तलाव नाही तर बोडी (लहान तळं) आहेच, म्हणून बदक कोणाला नवीन नाही. पण पिल्लं घरात आणली की सगळे पहिले एकच काम करतात, घमेल्यात पाणी भरतात अन् पिल्लू त्यात सोडून देतात. आम्हीही तेच केलं होतं. बाजारातून चार पिल्लं आणली, दोन-तीन दिवसांची असतील, पोट्ट्यांनी दुपारी पाण्यात सोडली, आजी म्हणे, "पाण्याचा जीव आहे तो, पाण्यातच खुश राहीन." खुश होतीच ती, तासभर फिरली, अन् रात्री त्यातली दोन थंडी पडून मेली. हातात घेतली तर लव अजून ओलीच होती, पोटाखाली चिकटून बसलेली. ते अजूनही आठवते म्हणून हे सगळं लिहून राहिलो.

त्याचं कारण असं आहे की मोठ्या बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ राहते, चोचीनं ते तेल पिसांना लावते म्हणून पाणी अंगावर थांबत नाही. पिल्लाला पिसंच नाहीत, नुसती लव, अन् गाठीचं कामही नीट सुरू झालेलं नसते. आईसोबत असलं तर ओलं झालं की तिच्या पंखाखाली जाऊन वाळते, आपल्या घरात ते पंख नाहीत. तेव्हा पहिले तीन-चार आठवडे आईचं काम आपल्याला करा लागते.

पिल्लं कोणती आणायची

खाकी कॅम्पबेल, व्हाईट पेकिन नाही तर गावठी, कोणतीही चालतील. तलावावरून उचलून आणू नका. आपल्याकडे हळदीकुंकू बदक अन् अडई यांची पिल्लं गवतात सापडतात अन् लोकं दया येऊन घरी आणतात, पण ते जंगली पक्षी आहेत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पाळता येत नाहीत, अन् बहुतेक वेळा त्यांची माय जवळपासच राहते.

एकटं पिल्लू कधीच आणू नका, कमीत कमी दोन आणा. एकटं असलं की दिवसभर चिवचिव करते, अन् पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलतं-चालतं समोर दिसलं त्यालाच माय समजून मागे लागते. कॉनराड लॉरेन्झ या शास्त्रज्ञानं हंसाच्या पिल्लांवर हेच दाखवलं होतं, पिल्लं त्याच्याच मागे फिरायची, त्याला १९७३ साली नोबेल मिळालं. पाहायला गोड वाटते, पण आपण वावरात गेलो की ते घरी रडत बसते. गावठी अंडी मिळाली तर खुडूक कोंबडीखाली बसवा, २८ दिवस लागतात, कोंबडीच्या अंड्यापेक्षा आठवडाभर जास्त, तेवढं कोंबडीला उठू द्यायचं नाही.

घर

पुठ्ठ्याचा खोका दोन दिवसांत भिजून फाटते. आमच्याकडे जुन्या फायबरच्या कूलरचा खालचा टब पडून होता, तोच घेतला, उंच काठ अन् धुवायला सोपा. वरून तारेची जाळी टाका, मांजर, घूस, उंदीर रात्रीच येतात. खाली पेपर अजिबात नको, गुळगुळीत राहते, पिल्लाचे पाय दोन्हीकडे फाकतात अन् मग तसेच राहून जातात. धुतलेलं बारदान अंथरा, दोन-तीन जोड ठेवा म्हणजे एक वाळत असताना दुसरं टाकता येते. आठवड्यानंतर वरून धानाची तनस (वाळलेला पेंढा) बारीक करून टाकली तरी चालते. सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) मात्र नको, त्याची धूळ नाकात जाते. लाकडाचा भुसाही सुरुवातीला नको, खाद्य समजून खातात.

ऊब

पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ ३२ ते ३३ अंश पाहिजे, मग दर आठवड्याला तीन-तीन अंश कमी करत यायचं, २२-च्या आसपास आलं की बल्ब काढून टाका. बल्ब साधा ६० वॅटचा पिवळा घ्या, एलईडीनं ऊब मिळत नाही, त्यात बरेच जण फसतात. टबाच्या एकाच बाजूला दीड फूट उंचीवर पक्क्या तारेनं बांधा, नुसत्या वायरवर लटकवू नका, खाली तनस आहे, पडला तर आग लागते. दुसरी बाजू थंड राहू द्या, पिल्लू आपणच जागा निवडते. थर्मामीटर नसलं तरी चालते, पिल्लांकडे पाहा. सगळी बल्बाखाली एकमेकांवर चढून बसली तर त्यांना हिव लागून राहिलं, बल्ब खाली घ्या. सगळी दूरच्या कोपऱ्यात जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर गरम होऊन राहिलं. अशी-तशी पसरून झोपली असतील तर बरोबर आहे.

लाईन तर जातेच आपल्याकडे, अन् रात्रीच जाते. त्यासाठी प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी भरून जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून टबात ठेवा, पिल्लं तिला टेकून बसतात, दोन-तीन तास निघतात.

हे झालं हिवाळा-पावसाळ्याचं. मे महिन्यात उलटं राहते. पारा ४५ च्या वर जाते तेव्हा दिवसा बल्ब कशाला, टिनाच्या खोलीत तर पिल्लं भाजून मरतील. मातीच्या भिंतीची खोली असेल तर तिथे ठेवा, खिडकीला ओला बोरा लावा. कूलरच्या सरळ हवेत ठेवू नका, दमट वारा अंगावर लागला की लव ओलसर राहते अन् पहाटे गारठतात.

पाणी, हेच मुख्य काम

पिल्लाला पाणी चोवीस तास पाहिजे, पण पोहायला नाही, प्यायला अन् नाक धुवायला. नीट पाहा एकदा, ते खाद्याचा घास घेते, पळत पाण्याकडे जाते, अख्खी चोच नाकाच्या भोकांपर्यंत बुडवते, बुडबुडे काढते, मग मान झटकते अन् चारी बाजूंना पाणी उडवते. भांडं इतकं उथळ असलं की नाकाची भोकं बुडत नाहीत, तर त्यात खाद्य सुकून बसते. अन् इतकं रुंद असलं की अंगच आत जाते, तर भिजलंच समजा. म्हणून आम्ही प्लास्टिकचा झाकणाचा डबा घेतो, बाजूला एवढं भोक पाडतो की फक्त डोकं आत जाईल. कापलेली कड मेणबत्तीवर गुळगुळीत करून घ्या, नाही तर मान कापते.

अन् हा डबा बारदानावर ठेवू नका. एक परात घ्या, तिच्यावर बारीक तारेची जाळी ताणून बसवा, जाळीवर डबा ठेवा. उडालेलं सगळं पाणी परातीत पडते, अंथरूण कोरडं राहते. या एका गोष्टीनं आमचं अर्धं काम कमी झालं अन् वासही गेला. खाद्य पाण्याजवळच ठेवा, कारण पाण्याविना कोरडं खाद्य घशात अडकते. रात्री पाणी काढलं तर खाद्यही काढा.

आंघोळ पाचव्या-सातव्या दिवसापासून, दिवसा, कोमट पाण्यात, पाय तळाला टेकतील एवढ्याच पाण्यात, पाच मिनिटं, अन् आपण समोर बसून. मग सुती फडक्यानं टिपून लगेच बल्बाखाली. पोटाखालची लव हातानं तपासा, वरून सुकलेलं दिसते अन् खालून ओलंच राहते.

खाणं

अंड्यातून निघाल्यावर पहिला दिवस पोटातल्या बलकावर निघून जाते, घाबरू नका. मग २० ते २२ टक्के प्रथिनांचं स्टार्टर खाद्य, तीन आठवडे, नंतर १६ ते १८ टक्क्यांचं. दुकानदाराला विचारून बिना औषधाचं घ्या, कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात औषध राहते अन् बदक कोंबडीपेक्षा जास्त खाते. भुकटी असेल तर पाण्यानं थोडी ओली करा, तासाभरात उरलेलं काढून टाका.

बदकाच्या पिल्लाला नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागते. कमी पडलं की पाय वाकतात, पिल्लू गुडघ्यावर बसून घसटत चालते. एक वाटी खाद्याला मोठा चमचाभर ब्रूअर्स यीस्ट मिसळा, ऑनलाईन मिळते.

शेंगदाण्याच्या ढेपेत नायसिन भरपूर राहते, म्हणून कोणी सांगेल ढेप द्या. माझं मत, देऊ नका. ढेपेवर अन् मक्यावर बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होते अन् बदकाची पिल्लं त्याला फारच नाजूक. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की मेल्या, बदकाची पिल्लंही मेली, अन् शोध घेता घेता हे विष सापडलं ते शेंगदाण्याच्या ढेपेतच. आपल्या पावसाळ्यात कोठ्यातली ढेप चार दिवसांत कोंदट वास मारते. सरकीची ढेप तर नकोच, तिच्यातलं गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य कोंबड्या-बदकांना बाधते. शिळी पोळी, ब्रेड, कच्ची डाळ, खारवलेली मासोळी हेही नको. कोथिंबीर, मटार, अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) बारीक करून द्या, सोबत चिमूटभर बारीक वाळू.

सकाळ-संध्याकाळ बारदान बदला, अन् पिल्लाला हात लावल्यावर साबणानं हात धुवा, त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे रोगजंतू राहू शकतात. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना हाताळू देऊ नका, पापी घेऊ देऊ नका. एखादं पिल्लू खात नसेल, मान टाकत असेल तर वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, अन् तिथेच डक प्लेगच्या लसीचं विचारून घ्या.

बाहेर काढताना

तीन-चार आठवड्यांनी ऊन असेल तेव्हा अंगणात सोडा, सात-आठ आठवड्यांनी पूर्ण पिसं आली की खुराड्यात. तेव्हाच आवाजही फुटते, मादी मोठ्यानं क्वॅक क्वॅक करते, नराचा आवाज घोगरा राहते. रात्री खुराडं बंद पाहिजे, मुंगूस बारीक फटीतून येते.

बोडीवर पहिल्यांदा नेण्याच्या आठ दिवस आधीपासून खाणं देताना टिनाच्या डब्यात तांदळाची कणी खडखड वाजवा. मग दिवस मावळायच्या आधी काठावर उभं राहून तोच डबा वाजवला की पाण्यातून रांग लावून निघतात अन् आपल्या मागे मागे घरापर्यंत येतात.