एक टब, चार बोटं पाणी: ठाणे-नवी मुंबईत लहान मुलांचा मे महिना

ठाण्यात किंवा नवी मुंबईत पारा नागपूरइतका चढत नाही, आणि तिथेच फसायला होतं. खाडीकाठच्या दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. मोठ्यांना नुसतं चिकचिकल्यासारखं वाटतं. तीन वर्षांचं मूल मात्र खेळाच्या नादात तापत जातं आणि सांगत नाही. म्हणून बाहेर जायचं ते सकाळी नवाच्या आत नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर. मधला वेळ घरात. त्यासाठी महागडं शिबिर लागत नाही, एक टब पुरतो.

साधारण दोन फूट रुंदीचा प्लास्टिकचा टब घ्या. त्यात चार बोटं पाणी, म्हणजे एक मोठी बादली. त्याहून जास्त नको. पाणी सकाळी सातच्या सुमारास भरून सावलीत ठेवा. दुपारी दोनला नळ सोडलात तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, वरच्या मजल्यांवर तर हमखास. टब बाल्कनीत ठेवायचा तो पूर्ण ग्रिल असेल तरच; उघड्या कठड्याजवळ पालथा टब म्हणजे मुलाला चढायला आयती पायरी. बाथरूममध्ये ठेवलात तर गीझर बंद करा आणि फिनेल-अ‍ॅसिडच्या बाटल्या आधी बाहेर काढा. टबाभोवती गोणपाट ओलं करून पसरा, म्हणजे ओल्या फरशीवर पाय घसरत नाही.

खेळणी विकत आणू नका. चहाची गाळणी, डाव, नरसाळं, दोन वाट्या एवढं बस. एका प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला तापवलेल्या सुईने पाच-सहा बारीक भोकं पाडा आणि बाटली भरून द्या. झाकण घट्ट लावलं की धार थांबते, सैल केलं की सुरू होते. चार-पाच वर्षांची मुलं हे पुन्हापुन्हा करून बघतात. भोकं मोठी पडली तर झाकण लावूनही पाणी गळत राहतं आणि गंमत जाते, म्हणून दाभण नाही, सुईच.

यात एक गोष्ट टाळता येत नाही: मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. चार बोटं पाण्यातही लहान मूल पालथं पडलं की त्याला उठता येत नाही, आणि बुडताना आरडाओरडा होत नाही, सगळं चिडीचूप घडतं. दाराची बेल वाजली तर मुलाला उचलून घेऊनच दार उघडायला जा. वीस-पंचवीस मिनिटांनी खेळ आवरा आणि टब लगेच रिकामा करा. डेंग्यूचा डास साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पाणी कुंड्यांना किंवा संडासात ओता. पाणीकपातीच्या दिवशी हेच पाणी फरशी पुसायला चालतं.

दुसरा स्वस्त खेळ बर्फाचा. रात्री प्लास्टिकच्या डब्यात अर्ध्यापर्यंत पाणी गोठवा, त्यावर प्लास्टिकचे प्राणी ठेवा, वर पाणी ओतून पुन्हा गोठवा. सगळं पाणी एकदम ओतलं तर खेळणी वर तरंगतात आणि उघडीच राहतात. काचेचं भांडं वापरू नका, बर्फ फुगतो आणि काच तडकते. दुपारी हा ठोकळा ताटात उपडा करून मुलांना चमचाभर मीठ आणि वाटीभर कोमट पाणी द्या, ती प्राणी सोडवत बसतील. लिंबापेक्षा लहान वस्तू आत घालायची नाही, आणि ठोकळ्याचे तुकडे व्हायला लागले की तीन वर्षांखालच्यांचं ताट उचलायचं.

कणकेचा गोळा सगळ्यांना माहीत आहे: दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, लागेल तसं पाणी. आपल्याकडे मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा चिखल होतो. घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवसांनी टाकून द्या. सगळं तोंडात घालणाऱ्या मुलांसाठी मीठ घालूच नका. एवढं मीठ पोटात गेलं तर बाधतं. रंगाला बिटाचा रस बरा. हळदीचे डाग टी-शर्टवरून सहजासहजी जात नाहीत.

15-16 मे च्या सुमारास आपल्याकडे सूर्य दुपारी साधारण 12:35 ला बरोबर डोक्यावर येतो. ऊन असलं तर त्या वेळी जमिनीवर उभ्या ठेवलेल्या पेल्याची सावली गायब होते. गच्चीत पाचच मिनिटं, टोपी घालून. दुपारी बाहेर पडायचा हा एकच अपवाद.

पिण्याच्या बाबतीत: पन्हं, ताक, कोकम सरबत चांगलंच, पण तहान भागवायला साधं पाणी आधी. ताडगोळे आणलेत तर साल सोलून चार वर्षांखालच्यांना बारीक तुकडे करून द्या. अख्खा ताडगोळा बुळबुळीत असतो, तो न चावता थेट घशात उतरतो. जांभूळ बी काढूनच. मूल सहा तासांत लघवीला गेलं नाही, सुस्त पडलं, किंवा अंग तापलंय आणि उलट्या होतायत, तर ओल्या फडक्याने अंग पुसत दवाखाना गाठा, रुग्णवाहिकेसाठी 108. जुलाब-उलट्यांसाठी ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायचं. अर्ध्या पेल्यात अंदाजाने टाकलेली चिमूट उलट अपाय करते.

आता सकाळच्या फेऱ्या. ठाण्यात उपवन आणि मासुंदा हे तलाव, नवी मुंबईत वाशीचा मिनी सीशोअर, नेरूळचं ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यान, खारघरचं सेंट्रल पार्क. घसरगुंडीवर बसवण्याआधी तळव्याची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. ठेवता आली नाही तर बसवू नका. काळं रबरी मॅटही असंच तापतं. तलावात बोटीत बसायचं तर मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट हवं. खांद्याजवळ वर ओढल्यावर ते हनुवटीवर चढलं तर ते मोठं आहे, आणि त्या दिवशी बोट नाही.

फ्लेमिंगो बघायला पैसे लागत नाहीत, पण वेळ साधावी लागते. ओहोटीला ते खाडीच्या चिखलात लांब असतात, मुलांना नुसते गुलाबी ठिपके दिसतात. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की ते नेरूळच्या टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीसारख्या जागी आत येतात. भरतीची वेळ काढायचा कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. एकादशी म्हणजे अकरा, त्याची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सव्वाआठला भरती. तेव्हा कालनिर्णयात दशमी-एकादशीची सकाळ हेरा आणि भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा. अष्टमीच्या आसपास भरती कमी असते, पक्षी खाडीतच राहू शकतात. बहुतेक थवे पावसाआधी परततात, म्हणून मे अखेरपर्यंत थांबू नका. काठावर जिथे चिखल दिसतो तिथे मुलाचा हात सोडू नका.

पाऊस लवकर आला किंवा घरात सगळे कंटाळले तर नेरूळहून उरणची लोकल पकडा. 2024 च्या जानेवारीत ती उरणपर्यंत सुरू झाली. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धं. गाड्या कमी असतात, त्यामुळे जायच्या आधी परतीची वेळही लिहून घ्या, नाहीतर पेंगुळलेलं पोर कडेवर घेऊन फलाटावर ताटकळावं लागतं.