ग्रंथालयाच्या ऑनलाइन सेवा वापरण्यापूर्वी कुटुंबाने करायची तयारी

ग्रंथालयांच्या ऑनलाइन सेवांमधून घरासाठी खात्रीची माहिती मिळवायची असेल, तर महाराष्ट्रात एकाच सभासद क्रमांकावर सगळी दालने उघडतील अशी व्यवस्था नाही, हे आधी गृहीत धरावे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता मिळालेली वाचनालये ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गांत विभागलेली आहेत आणि त्यांपैकी कित्येक लहान वाचनालयांचे कामकाज आजही रजिस्टरवरच चालते. ऑनलाइन मजकूर मात्र निरनिराळ्या संस्थांकडे विखुरलेला आहे: राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोश, राज्याचा दर्शनिका (जिल्ह्यांची सविस्तर माहिती देणारे ग्रंथ, म्हणजे गॅझेटिअर) विभाग, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा डिजिटल संग्रह. कोणत्या प्रश्नासाठी कुठे जायचे हे आधीच ठरलेले असेल, तर शोध अर्ध्या तासात आटोपतो. नाहीतर संध्याकाळ जाते आणि हाती जाहिराती उरतात.

तयारीतील पहिले आणि सर्वांत मोठे काम प्रश्न लिहून काढण्याचे आहे. ‘मधुमेह’ हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. ‘आजी ७२ वर्षांची आहे, तिला गेल्या महिन्यात मधुमेह निघाला, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आहेत आणि तिने भात पूर्ण सोडावा की कमी करावा हे घरात ठरत नाही’ हा प्रश्न आहे, कारण त्यात माणूस, वय, परिस्थिती आणि घ्यायचा निर्णय या चारही गोष्टी आहेत. असा प्रश्न कागदावर उतरला की त्यातला कोणता भाग ग्रंथालय सोडवू शकते (आहारात पिष्टमय पदार्थांचे स्थान काय) आणि कोणता भाग केवळ तिच्या डॉक्टरांचा आहे (गोळीची मात्रा बदलावी का) हेही आपोआप वेगळे होते. मुलांच्या बाबतीत हे काम त्यांच्याकडूनच करून घ्यावे. पाचवीतल्या मुलीला ‘नदी’ हा प्रकल्प दिला असेल, तर आपल्या तालुक्यातली नदी कुठे उगम पावते, कशाला मिळते आणि तिच्यावर कोणते धरण आहे, हे तीन प्रश्न तिने स्वतःच्या अक्षरात लिहावेत. आईवडिलांनी आयते उत्तर छापून देण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडते.

सभासदत्वाच्या कागदपत्रांचे काम त्यामानाने किरकोळ आहे. जवळच्या वाचनालयाचे सभासदत्व नसेल, तर ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, अनामत आणि वर्गणी यांची चौकशी आधी फोनवर करावी, आणि पुस्तकांची तालिका घरबसल्या पाहता येते का हेही त्याच वेळी विचारावे. ऑनलाइन खाती घरातल्या एकाच ईमेलवर उघडावीत आणि ओटीपी येणारा फोन शोधाच्या वेळी जवळ असावा. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांची सोय याबाबतीत बरी आहे: अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्डावर लिबीसारख्या अ‍ॅपमधून ई-पुस्तके विनामूल्य मिळतात, फक्त कार्ड क्रमांकाबरोबर पिनही चालू आहे ना, हे आधी पाहून घ्यावे लागते.

मुलांच्या अभ्यासासाठी पहिली पायरी मराठी विश्वकोश असावी. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईत सुरू झालेल्या या कामाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि आज सर्व खंड जालावर मोफत वाचता येतात. मात्र नोंद कोणत्या काळातली आहे हे पाहिल्याशिवाय तिच्यातला एकही आकडा वहीत उतरवू नये. ज्वालामुखी कसा होतो किंवा पेशवाईत महसूल कसा गोळा होई, यासाठी जुन्या खंडातली नोंद आजही उत्तम आहे. एखाद्या जिल्ह्याची लोकसंख्या, तिथले कारखाने किंवा एखाद्या रोगावरचे औषध यांसाठी ती कालबाह्य असणार, हे धरूनच चालावे. अलीकडे ज्ञानमंडळांमार्फत (त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांच्या गटांमार्फत) तयार झालेल्या नव्या नोंदींखाली लेखकाचे आणि बहुधा समीक्षकाचे नाव, तसेच संदर्भ दिलेले असतात. ते वाचण्याची सवय मुलांना लावली, तर पुढे कोणत्याही मजकुराखाली ती आधी नाव शोधतात. अवांतर वाचनासाठी राष्ट्रीय ई-पुस्तकालयात ३ ते ८, ८ ते ११, ११ ते १४ आणि १४ ते १८ असे वयोगट पाडलेले आहेत. मूल कोणत्या गटात बसते यापेक्षा कोणत्या गटातले सहज वाचते ते पाहून निवड करावी.

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याच्या नावामुळे अपेक्षा वाढतात. खरगपूरच्या आयआयटीने उभारलेला हा प्रकल्प २०१८ मध्ये राष्ट्राला समर्पित झाला. तो प्रामुख्याने सामायिक तालिका आहे: मजकूर निरनिराळ्या संस्थांच्या संग्रहात असतो आणि इथून त्याचा पत्ता मिळतो. त्यामुळे काही दुवे थेट उघडतात, काहींना मूळ संस्थेचे सभासदत्व लागते. शोधाचा शब्द टाकल्याबरोबर भाषा, शैक्षणिक स्तर आणि साहित्याचा प्रकार यांच्या चाळण्या लावून घ्याव्यात, नाहीतर शाळकरी मुलापुढे पीएचडीचे प्रबंध येऊन पडतात. प्रबंध विश्वसनीय नसतो असे नाही, पण एका प्रबंधातला एक निष्कर्ष म्हणजे घरात लागू करायचा सल्ला नव्हे, ही समज मोठ्यांनाही लागते.

आरोग्याच्या प्रश्नासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची मेडलाइनप्लस ही सेवा मोफत आहे आणि तिच्या पानांवर मजकूर केव्हा तपासला किंवा अद्ययावत केला, ती तारीख दिलेली असते. रोगाचे स्वरूप, तपासण्यांचे अर्थ, औषधांचे परिणाम यांसाठी ती चांगली. मात्र तिथला आहार अमेरिकी ताटाचा आहे. ज्वारीची भाकरी आणि वरण-भात यांचा हिशेब त्यात सापडणार नाही. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची भारतीयांसाठीची आहार मार्गदर्शक तत्त्वे उतरवून ठेवावीत. त्यांची सुधारित आवृत्ती २०२४ ची आहे. आजीच्या भाताचा प्रश्न या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी सुटतो, आणि जे सुटत नाही ते डॉक्टरांना विचारायच्या चिठ्ठीत जाते. इंग्रजी मजकूर घरातल्या ज्याला नीट समजतो त्यानेच तो मोठ्याने मराठीत सांगावा. यांत्रिक भाषांतरावर औषधाच्या बाबतीत विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शोधाचे शब्द आधी जमवून ठेवणे हे मराठीत दुप्पट महत्त्वाचे आहे. मराठी पुस्तकांची नोंद एखाद्या तालिकेत देवनागरीत असते, दुसरीत रोमन लिपीत, आणि रोमन स्पेलिंग ज्याने नोंद केली त्याच्या मनाप्रमाणे. लेखकाचे आडनाव आधी टाकून पाहावे, मग शीर्षकातला एकच ठळक शब्द, आणि तो देवनागरी व रोमन अशा दोन्ही लिप्यांत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छापील मजकुरात ‘नाहीं’, ‘कांहीं’ असे अनुस्वार असतात, त्यामुळे आजच्या लेखनानुसार केलेला शोध तिथे रिकामा परततो. पुष्कळ जुनी पुस्तके तर केवळ पानांची छायाचित्रे असतात आणि त्यांत शब्द शोधताच येत नाही. तिथे मुकाट्याने अनुक्रमणिका उघडावी. तालिकेतला वर्गांकही, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा क्रमांक, टिपून ठेवावा. दशांश वर्गीकरणात ६४९ हा बालसंगोपनाचा, ६४१ खाद्यपदार्थांचा आणि ६१६ रोगांचा क्रमांक आहे. एक बरे पुस्तक सापडले की त्याच क्रमांकाच्या फळीवर आणखी चार सापडतात.

गावाची किंवा घराण्याची माहिती शोधणाऱ्यांनी जुन्या जिल्ह्याचे नाव माहीत करून घेतल्याशिवाय सुरुवातच करू नये. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून आणि पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून निघाला. म्हणजे कुडाळ किंवा मालवणकडच्या कुटुंबाने ‘सिंधुदुर्ग’ टाकून इंग्रजी अमदानीतली दर्शनिका शोधली तर काहीच मिळणार नाही. त्यांना रत्नागिरी आणि सावंतवाडी यांचा १८८० चा खंड हवा असतो. या जुन्या खंडांत बाजार, वाटा, पिके, देवळे यांची माहिती बारकाईने आहे. जातीजमातींची वर्णने मात्र राज्यकर्त्यांच्या नजरेची आहेत, तेव्हा आपल्या समाजाविषयीचे वाक्य जसेच्या तसे उचलून कुटुंबाच्या स्मरणिकेत छापू नये. गोव्याशी नाते असलेल्यांनी पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय वगळू नये. १८३२ मध्ये स्थापन झालेल्या या ग्रंथालयात पोर्तुगीज काळातले दुर्मीळ साहित्य आहे.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेला शासन निर्णय तपासण्याचीही तयारी ठेवावी, कारण शिष्यवृत्ती आणि अनुदान यांच्या अफवा तिथूनच घरात शिरतात. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाच्या शेवटी अठरा अंकी संकेतांक असतो, आणि त्याच्या पहिल्या आठ अंकांत साधारणपणे वर्ष, महिना आणि दिवस असतो. हा क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत उघडावी. संकेतांकच नसलेला किंवा कापलेला फोटो पुढे पाठवण्याच्या लायकीचा नसतो. स्वतःला जमत नसेल तर कागद घेऊन वाचनालयात जावे. संदर्भसेवा हे ग्रंथपालाचे कामच आहे आणि असा नेमका प्रश्न घेऊन येणारा वाचक त्याला आवडतो.

शेवटी एक जाड वही. तिच्यात प्रत्येक उत्तरापुढे ते कुठे मिळाले, कोणी लिहिले, कोणत्या वर्षीचे आहे आणि आपण कोणत्या तारखेला पाहिले एवढे लिहावे. दोन ठिकाणची उत्तरे जुळत नसतील तर दोन्ही लिहून समोर प्रश्नचिन्ह टाकावे. दवाखान्यात किंवा वाचनालयात जाताना प्रश्नचिन्हांची तीच पाने उघडून समोर ठेवावीत, म्हणजे समोरच्या माणसाला पहिल्यापासून सगळे समजावून सांगत बसावे लागत नाही.